गुरुवारची दुपटी

टक्, टक्, टक्. बाहेरून कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत होतं. आत्ता कुठे डोळा लागलेला तान्हा एली दचकून रडायला लागला. इझाबोने त्याला खांद्यावर टाकलं आणि तशीच दारात आली.

समोरच्या घरातली, जन्माची कॅथलिक तुआनेतकाकू तिवईवर चढून इझाबोच्या दारावर चादर टांगत होती. काकूच्या लग्नातली, काठाला जाळी विणलेली, पांढरीशुभ्र.

"काकू, उतरा खाली."

"ओरडू नकोस. तू काही केलं नाहीस, तू काही पाहिलं नाहीस. मिरवणूक गेली की काढून नेते. चादर माझी, पाप असलंच तर तेही माझं."

"भिंत माझी आहे, काकू."

गल्लीतल्या प्रत्येक दारावर कापड झुलत होतं. कॅथलिकांच्या लेखी साक्षात ख्रिस्त असलेल्या पवित्र भाकरीची मिरवणूक निघणार, तर घराघराने भिंत सजवायची, असा राजाचा हुकूम. सजवणाऱ्यांतली निम्मी माणसं काल-परवापर्यंत इझाबोच्या शेजारी बसून प्रार्थनाघरात स्तोत्रं म्हणत होती. राजाने त्यांचा प्रोटेस्टंट पंथ बंद करून सगळ्यांना जबरीने कॅथलिक केलं होतं; त्या प्रार्थनाघराच्या जागी आता शेळ्या चरत होत्या. आणि इझाबोचा नवरा, त्या भाकरीपुढे गुडघे टेकत नाही म्हणून, राजाच्या जहाजावर साखळीने बांधलेला, वल्हं ओढत होता.

काकू धापा टाकत उतरली. "अगं, नवरा गेला तेवढं पुरे नाही का? आता पोरीला उचलून मठात नेतील. सुतारणीचं काय झालं पाहिलंस ना? मठाच्या दारातल्या मूर्तीपुढे गुडघे टेकल्याशिवाय लेकीचं तोंडसुद्धा पाहू देत नाहीत तिला."

"ती टेकते. मी नाही टेकणार."

सात वर्षांची दोर्का उंबऱ्यावर मटाराच्या शेंगा सोलत बसली होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

इझाबोने एका हाताने चादर उतरवली. धूळ लागू न देता, काठाला काठ जुळवून घडी केली आणि काकूच्या हातात दिली. "तुमची माया कळते मला. पण ही माझ्या दारावर नको."

तेवढ्यात घंटा वाजली. मिरवणुकीच्या पुढे दारं तपासत येणारा, चर्चमधला सेवक गिलेम. उघड्या भिंतीसमोर तो थबकला आणि हसला.

"काय हो, नव्या कॅथलिकबाई, कापड संपलं का घरातलं?"

"कापड होय? थांबा, आणते की."

वर जाऊन तिने एलीला पाळण्यात ठेवलं. तिच्या खिडकीतून काकूच्या खिडकीपर्यंत, गल्लीवर आडवी, कपड्यांची दोरी होती. बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या सकाळीच सोडल्या होत्या. इझाबोने टोपलीतली ओली दुपटी एकेक करून झटकली आणि दोरीवर घालायला सुरुवात केली.

"ए! हे काय?" गिलेम खालून ओरडला.

"आज गुरुवार. गुरुवारी मी बाळाची दुपटी वाळत घालते. तुमचा सण आहे म्हणून बाळ काही सुट्टी घेत नाही."

कुठल्यातरी चादरीमागून कुणी फिस्सकन हसलं.

"काढ ती! पाद्रीबाबा वळणावर आलेत!"

"पांढरं कापड पाहिजे होतं ना? पांढरं आहे. राखेच्या पाण्यात उकळलंय. तुमच्या डगल्यापेक्षा स्वच्छ आहे."

गिलेमचा चेहरा लाल झाला. त्याने काकूकडे बोट केलं. "म्हातारे, तुझ्या खिडकीकडची गाठ सोड. ताबडतोब!"

काकूने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली आणि जिना चढली. तिची खिडकी उघडली. दोरीपलीकडे इझाबोला तिची वाकडी झालेली बोटं अगदी स्पष्ट दिसत होती. ती गाठ सोडत नव्हती, आवळत होती.

"ओली गाठ आहे रे, गिलेम," काकू खाली वाकून म्हणाली. "संधिवाताच्या बोटांना नाही जमत."

मिरवणूक गल्लीत शिरली. पुढे फुलं उधळणाऱ्या मुली, मागे मेणबत्त्या, त्यामागे चार दांड्यांवरचं जरीचं छत, आणि छताखाली सोन्याच्या पात्रात भाकरी धरलेले पाद्रीबाबा. घराघरांसमोर माणसांनी गुडघे टेकले. काकूही खिडकीत गुडघे टेकून बसली, हात जोडून, मनापासून. दुपट्यांच्या ओझ्याने दोरी मध्यात लोंबली होती. छत तिथे येऊन अडलं.

गाणं थांबलं. एली उचकी देत होता, तेवढाच आवाज.

मग छत धरणाऱ्या चौघांनी दांडे खाली घेतले. चौघेही वाकले. पाद्रीबाबाही वाकले. अख्खी मिरवणूक, एकामागून एक, माना खाली घालून एलीच्या दुपट्यांखालून गेली. वर खिडकीत इझाबो ताठ उभी होती.

शेवटची मेणबत्ती वळणाआड गेल्यावर गिलेम परत आला. आता तो हसत नव्हता.

"उद्या सकाळी मठातल्या भगिनी येतील. पोरीची वेणी घालून ठेव."

"माझ्या पोरीची वेणी रोज घातलेली असते," इझाबो म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

लावल्यावर मात्र तिला कडीवरून हात काढता येईना.

जिन्यावर पावलं वाजली. ओच्यात सोललेले मटार सांभाळत दोर्का वर आली. ते तिने नीट वाडग्यात ओतले, एकही दाणा खाली सांडू दिला नाही. मग आईच्या परकराला हात पुसले आणि वर पाहिलं.

"आई, मला भेटायला मठात आलीस की तू टेकशील गुडघे?"