पान्हा चोरला

"श्वास घे. लांब श्वास घे," केरबा म्हणाला. त्याच्या एका हातात चरवी होती, दुसरा हात लेकीच्या पाठीवर. "आता सोड. हळू सोड."

क्रांती दूधकट्ट्याच्या पायरीवर बसली होती. पायरीची कड तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. लांब श्वास घेतला की तिला आणखीच धाप लागत होती. सकाळचे साडेसहा झाले होते आणि सातला जयसिंगपूरची गाडी होती, तासाभराची वाट. तिथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती. हजर व्हायची मुदत दोनदा वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आज सव्वाआठपर्यंत ती पोहोचली नाही, तर जागा दुसऱ्याची.

आधी दोन्ही वेळा ती गाडीच्या दारातून परत आली होती. छाती धडधडायची, हात बधिर व्हायचे, आता आपण मरतोय असं वाटायचं. वर्षभर हे चाललं होतं. हृदयाच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. तेव्हापासून केरबाची खात्रीच झाली की पोरीला काही झालेलं नाही.

मग तालमीच्या हॉलमध्ये एका सरांचं व्याख्यान झालं. सर गोड बोलणारे, टाय लावलेले. केरबाने त्यांची चार वाक्यं कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून आणली. लांब श्वास घ्या, चांगला विचार करा, पहाटे चाला, कामात मन गुंतवा. कॅलेंडर उलटं करून भिंतीला लावलं. क्रांतीने ते सगळं दोन महिने इमानानं केलं. रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, डोळे मिटून श्वास मोजले. एक दिवस ती म्हणाली, "आबा, श्वासाकडं ध्यान दिलं की त्योच अडकतोय. मोजाय लागलं की जास्तच भ्या वाटतंय."

"मन लावून करत न्हाईस तू," केरबा म्हणाला होता.

तिने एका मानसोपचार डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहून आणलं, तेव्हा तर तो भडकलाच. "येड्याचा डॉक्टर? आणि उद्या पावणं बघाय आलं की त्यास्नी काय सांगू?" त्या चिठ्ठीचे त्याने चार तुकडे केले होते.

आता कट्ट्यावर तिच्याभोवती घोळका जमला होता. समोरच पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला आलेली माणसं, हातात रिकामे पेले. सल्ल्याला काय, त्याला ना पैसा लागतो ना अक्कल. "मोबाईलवर भजनं ऐकत जा," एक बाई म्हणाल्या. दुसरीच्या पुतणीचं लग्न झालं आणि हे सगळं आपोआप गेलं म्हणे. तालमीतले हंबीरराव मिशीवरचा फेस पुसत पुढे आले.

"मन घट्ट कर, पोरी. भ्यायचं न्हाई. भ्यालं ते मेलं!"

क्रांती मान हलवत राहिली. तिला स्टँडवर सोडायला आलेला रिक्षावाला मोहसीन तेवढा काही बोलला नाही. त्याने घड्याळ बघितलं आणि चालू ठेवलेली रिक्षा बंद केली.

"हिला आत्ता उठवू नगासा, हुतंय नीट," केरबा लोकांना म्हणाला. "एक म्हस पिळतो, मग मीच नेऊन बसवतो गाडीत." तो बिजली म्हशीकडे वळला. तेवढ्यात सायलेन्सर काढलेली एक बुलेट फाडफाड करत कट्ट्याला घासून गेली. बिजली बिथरली. लाथेसरशी चरवी उडाली. केरबाने ती उचलून पुन्हा कासेला हात घातला, तर धार येईना. बिजलीने पान्हा चोरला होता.

हंबीररावांनी तिच्या पाठीवर थाड थाड थापा मारल्या. "ए शानी! काय झालं न्हाई तुला. सोड दूध!"

"हात लावू नगासा!" केरबाने त्यांचा हात धरला. मग त्याने आवाज एकदम खाली आणला. "गप ऱ्हावा सगळी. भ्यालेल्या जीवाला सांगून कळतंय व्हय? ती काय मुद्दाम करतीया? आतनंच सुटत न्हाई तिला."

त्याने माणसं मागे सारली. चरवी बाजूला ठेवली. बिजलीच्या मानेला खांदा लावून तो नुसता उभा राहिला. बोलला नाही, ओढलं नाही, घाई केली नाही. तिच्या कातड्यावरची थरथर आपल्या अंगात येऊ देत तो थांबला. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, पंचवीस गेली. गिऱ्हाईकं कंटाळून दुसऱ्या म्हशींकडे वळली.

"आणि न्हाईच सोडला तर?" हंबीररावांनी कुजबुजत विचारलं.

"तर डॉक्टरला फोन लावतो. उगंच वाट बघत बसायचं काय? हाल हुत्यात जनावराचं."

मोहसीन रिक्षातून उतरून केरबाजवळ आला. "मामा, सात वाजून धा मिन्टं झाली," तो म्हणाला.

पोरीची नोकरी गेली. आपल्याच हातानं गेली, हेही त्याला त्याच क्षणी कळलं. तो पायरीकडे वळला.

क्रांती अजून तिथेच बसली होती. अर्ध्या तासात तिच्या शेजारी कुणीही येऊन उभं राहिलं नव्हतं. गालावरचं पाणी वाळलं होतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, बिजलीकडे बघत होती. तिच्या आवाजात रागही नव्हता.

"आबा," ती म्हणाली, "हिला का न्हाई सांगितलंसा, लांब श्वास घे म्हणून?"