टाकीमागच्या फांद्या

जिरेनियमची वाळलेली फुलं आजही कुणीतरी खुडली होती.

रशिदा कठड्यापाशी वाकून बघत राहिली. ती स्वतः कात्रीनं कापायची, त्यामुळे देठाचा खुंट मागे राहायचा. इथं देठ फांदीपाशी अलगद मोडलेला होता. पिवळी पानं काढलेली. कुंड्याही फिरवलेल्या; उन्हाकडे कललेली बाजू आता भिंतीकडे आली होती. मे संपत आला होता. या दिवसांत लोणावळ्यात जिरेनियम उन्हानं थकतं, आणि पुढे पाऊस त्याला सडवतो. भांगरवाडीतल्या या गच्चीवरची सगळी झाडं रशिदाची. घरात दुसरं कुणी त्यांना हात लावत नसे.

खाली येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्ही कुंड्यांचं काही केलंत का?"

"मी?" दस्तगीर चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "मला त्या झाडाचं नाव तरी धड घेता येतं का?"

मुलगा माज तळेगावच्या कंपनीत पाळ्या करायचा आणि घरी आला की झोपायचा. उरली सून. रुमाईसाला या घरात येऊन थोडेच महिने झाले होते. आल्या आल्याच रशिदानं तिला सांगितलं होतं, "घर तुझंच आहे. गच्चीवरच्या कुंड्या तेवढ्या माझ्याकडे राहू दे." तिनं नुसती मान हलवली होती. तशी ती गप्पच असायची. काम आटोपलं की मोबाईल घेऊन खिडकीत बसायची.

राग यायला हवा होता. पण रशिदाला राहून राहून नवलच वाटत होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती वर गेली. कुंड्या जागच्या जागी होत्या. मग ती पाण्याच्या टाकीमागे डोकावली. तिथं सावलीत जुनं वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर जिरेनियमच्या फांद्या ओळीनं मांडल्या होत्या. बोटाएवढ्या. खालची पानं काढलेली, शेंड्याला दोन-तीन ठेवलेली. शेजारी दह्याचे रिकामे डबे, प्रत्येकाच्या बुडाला भोक. रशिदानं एक फांदी उचलली. कापलेलं टोक कोरडं झालं होतं.

जिन्यात पावलं वाजली. रुमाईसा वर आली आणि सासूला बघून दारातच थांबली.

"अम्मी, मी विचारणार होते…"

"सुकत का ठेवल्यास?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "एक दिवस टोक सुकू द्यायचं. ओलं लावलं तर कुजतं. मोबाईलवर बघितलं मी. मोठ्या झाडांना धक्का नाही लावला, नुसती लांब वाढली होती तिथंच कापलं."

"आणि फुलं? तीही तूच खुडतेस?"

"हो."

"पण एवढे डबे कशाला? पाऊस लागायच्या आत मी कुंड्या जिन्याखाली घेतेच की."

रुमाईसा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "इथल्यासाठी नाहीत."

"मग?"

"तळेगावला न्यायला." ती जरा थांबली. "कंपनीजवळ फ्लॅट बघितलाय. रात्रपाळी सुटली की यांना गाडी मिळत नाही, स्टेशनवरच बसून राहतात. ईद झाली की तुम्हाला सांगणार होते."

रशिदा टाकीच्या ओट्यावर बसली. हातातली फांदी तिनं उलटसुलट करून पाहिली.

"हात लावू नको म्हटलं होतं मी," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"मग नेतेस कशाला? तिथं नर्सरीत हवी तेवढी मिळतील."

"ती या घरातली नसतील ना, अम्मी."

रशिदा उठली. कोपऱ्यातल्या फिक्या गुलाबी झाडापाशी गेली. शेजारच्या वासंतीताई कधीपासून या रंगाची फांदी मागत होत्या, आणि रशिदा दर वेळी काहीतरी कारण सांगायची. तिनं एक जोमदार शेंडा निवडला. कात्री खालीच राहिली होती. नखानंच खुडला, खालची पानं काढली आणि वर्तमानपत्रावर ओळीत ठेवला.

"फ्लॅट बघून आलीस तू?"

"नाही. यांनी व्हिडिओ पाठवलाय."

"दाखव."

दोघी टाकीच्या सावलीत फोनवर वाकल्या. रिकामी खोली, स्वयंपाकाचा ओटा, मग गॅलरी. लोखंडी जाळी, आणि फरशीवर उन्हाचा तिरपा पट्टा.

"हे ऊन सकाळचं की संध्याकाळचं?"

"सकाळचं."

रशिदानं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"लाव परत," ती म्हणाली. "पहिल्यापासून."