मुलुखिया ऐकणारा माणूस

"तो परत आलाय," फतूह काउंटरवर वाकून बायकोच्या कानाशी पुटपुटला. "त्याच खुर्चीत बसलाय."

नवालनं लिंबं कापता कापता मानसुद्धा वर केली नाही. "बसू दे की. खुर्च्या बसायलाच असतात."

"खिडकीशी ऊन आलंय, टेबलं रिकामी आहेत. आणि हा भटारखान्याच्या दाराला चिकटून बसतो. का?"

"तुला ट्रामच्या खांबामागेही इन्स्पेक्टर दिसतो."

दिसायचा, हे खरंच होतं. मिलानमध्ये हॉटेल चालवून फतूहचे केस पिकले होते. पण आत चुलीपुढे उम्म हाशिम उभी राहू लागली तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. तिच्याकडे या देशात राहायचा एकही कागद नव्हता. दंड झाला असता तर त्यानं शिव्या देत भरला असता. पण तिला कैरोच्या विमानात बसवलं असतं. पहिल्या दिवशीच ती म्हणाली होती, "भावा, काहीही काम सांग, पण मला परत पाठवू नकोस." त्यानं शब्द दिला होता.

वकील गाठून कागद करून देतो, असंही तो म्हणाला होता. तिनं साफ नकार दिला. "कागदावर नाव चढलं की ते चार लोकांच्या नजरेस पडतं." बाईमाणूस, सरकारी कागदाला भिते, असं म्हणून त्यानं विषय सोडला.

तो खांद्यावरचं फडकं झटकत टेबलाशी गेला. "काय आणू, उस्ताद? आज कोशरी फक्कड झालीय."

"मुलुखिया," माणूस म्हणाला. दाढी नीट कातरलेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आवाज मऊ.

"रोज तीच पाल्याची मुलुखिया? पोटात शेत उगवेल!"

"रांधतं कोण, मुअल्लिम?"

"मीच."

"हाताला चव आहे तुमच्या. पाला मागच्या गल्लीतून येतो वाटतं? तिकडूनही दार असेल ना?"

"होतं. बंद केलं."

हे मात्र खोटं नव्हतं. हा माणूस येऊ लागल्यापासून फतूहनं मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली होती. कुणी अचानक मागून शिरायला नको.

तेवढ्यात आतून तो आवाज आला. लसूण-धण्याची तुपातली फोडणी मुलुखियावर ओतताना रांधणारीनं दचकल्यासारखा मोठ्यानं श्वास आत ओढायचा, नाहीतर चव उतरत नाही. मिसरी घरांत पोरींना हे चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. उम्म हाशिमचा श्वास मध्येच जरा अडखळायचा आणि मग पुरा व्हायचा.

माणसानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तो म्हणाला, "तुम्ही तर इथे उभे आहात, मुअल्लिम. मग आत दचकलं कोण?"

फतूह फडक्यानं टेबल पुसू लागला. "भाऊ माझा."

"आवाज बाईचा आहे."

"लहानपणापासून तसाच आहे. आम्ही फार चिडवतो त्याला."

माणूस हसला नाही. त्यानं डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"घाबरू नका. मी सरकारी माणूस नाही. माझं नाव लुत्फी. तुरीनला फळांच्या गोदामात काम करतो. इथे भाचीकडे आलो होतो, तुमच्या दारावरून जाताना हा आवाज कानी पडला आणि पाय पुढे पडेनात." त्यानं पाव नुसताच कुस्करला. "माझी सनिय्या अशीच दचकायची. अशीच, मध्ये अडखळून. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. दारात शोकाचा मंडप घातला, कुराण पढवलं, सगळी गल्ली येऊन माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हापासून घरात मुलुखिया शिजली नाही."

फतूहला स्वतःची भयंकर लाज वाटली. रोज हा गरीब माणूस बायकोची आठवण गिळायला येत होता, आणि आपण त्याच्या कोटात सरकारी ओळखपत्र शोधत होतो!

"अल्ला तिच्यावर रहम करो," तो कसाबसा म्हणाला.

नवाल काउंटरमागून ओढणीनं डोळे पुसत आली. "झालं समाधान? इन्स्पेक्टर म्हणे!" मग तिनं पाहुण्याकडे वळून आवाज उतरवला. "भाऊ, आत एक बाई आहे आमची. लपून राहते बिचारी, म्हणून हा खोटं बोलला. जा, तिला चार शब्द कौतुकाचे सांगा. तिला कोण सांगतंय?"

"नको," लुत्फी संकोचला. "परक्या बाईपुढे जाणं बरं दिसत नाही."

"माझ्या घरची आहे ती, मी सांगतो ना," फतूह म्हणाला.

"नको, मुअल्लिम. मी आपला इथूनच..."

"अल्लाची शपथ, तुम्हाला आत यावंच लागेल!" फतूहनं त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि स्वतः दार ढकललं. "उम्म हाशिम! बघ तरी, तुझ्या हाताला सलाम करायला कोण आलंय!"

ती पाठमोरी होती, नळाखाली पातेलं घासत. लुत्फी छातीवर हात ठेवून अदबीनं आत गेला. फतूह मागेच थांबला. अशा वेळी तिसऱ्या माणसानं मध्ये उभं राहू नये, एवढं त्याला कळत होतं. दार आपोआप मिटलं. नवालनं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याच्या मनावरचं केवढं तरी ओझं उतरलं होतं.

आत पातेलं खणखणत फरशीवर पडलं. पाठोपाठ दाराची आतली कडी लागली. मग लुत्फीचा तोच मऊ आवाज आला.

"तू मेलीस म्हणून सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, सनिय्या. मला खोटं पाडू नकोस."