उघडी खिडकी

आई वारल्यावर, तिने आयुष्यभर मनात आखलेल्या लांबच्या प्रवासाला मी बाबांना घेऊन निघाले.

पहिल्या मुक्कामी लॉजचा मॅनेजर म्हणाला, "किल्ली बाई घेऊन गेल्या. खोलीत आहेत." चूकच झाली असणार. खोलीत कुणी नव्हते. खिडकी मात्र सताड उघडी होती. आई नेहमी अशीच पुढे जाई आणि आम्ही सामान उतरवेपर्यंत कोंदट वास घालवून टाकी.

पुढच्या गावीही तेच. शिवाय उशीवर डोक्याचा खळगा, अजून कोमट. बाबा त्यावर तळहात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले.

मग गाडीत त्यांना धीर धरवेना. "अगं, दाब की जरा! बैलगाडी हाकतेस का?"

"बाबा, तिथे कुणी नसतं."

"असतं-नसतं ते मी बघतो. तू तिला ताटकळत ठेवू नकोस."

शेवटच्या गावी रस्ता समुद्रापाशी संपला. बाबांना गाडीतच बसवून मी आत गेले. काउंटरवरची मुलगी हसली. "तुमचे आई-बाबा आत्ताच खोलीत गेले. किती गप्पा मारत होते!"

मी काचेच्या दारातून बाहेर पाहिले. बाबा गाडीच्या आरशात बघून निगुतीने भांग पाडत होते. मी दिसताच त्यांनी हात हलवला, निघताना हलवतात तसा.