दोन्ही डोळे सारखे

"ताई, मागचा पडदा एआयनं खुशाल बदला, पण लेकराच्या चेहऱ्याला हात लावण्याआधी मला विचारा," फोटोग्राफर बुद्धभूषणदादा बजावून गेले होते. मी हसण्यावारी नेलं. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंत तिचा डावा डोळा पांढरा चमकत होता. फ्लॅशची चूक समजून मी एआयला सांगितलं, 'दोन्ही डोळे सारखे कर', आणि तेच फोटो अल्बमसाठी पाठवले. परवा दादा अल्बमऐवजी कॅमेरा घेऊन दारात उभे. "अल्बम लावताना मूळ फोटो उघडले, ताई. हा डोळा..." "तुमचा फ्लॅश पडला होता. मीच नीट केला." "फ्लॅशनं दोन्ही डोळे लाल होतात. हा एकच पांढराय, समद्या फोटोंत. एकेक डोळा झाकून बघा." मी डावा झाकला. लेक फुग्याकडं बघून हसत राहिली. मग उजवा झाकला. ती किंचाळली, माझा हात ओरबाडून ढकलू लागली.

शंभर शब्दांच्या कथास्पर्धेचे शब्द वरच संपले. यापुढचे मोजू नका. आमच्या मुकुंदवाडीतून दवाखान्यापर्यंत दादांनीच आम्हाला गाडीवर नेलं. डाव्या डोळ्यानं तिला दिसत नाही; तपासण्या सुरू आहेत. तिचा डोळा वाचेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत. माझ्या मोबाइलवर मात्र तिचे दोन्ही डोळे काळेभोर चमकताहेत. तुमच्याही घरी लेकरू असेल, तर फोटोग्राफरनं दिलेले त्याचे मूळ फोटो आजच उघडा. एका डोळ्यात पांढरं दिसलं, तर फोटो तसाच राहू द्या आणि लेकराला डॉक्टरांकडं न्या.