वाकडे खांब

वडिलांची होडी मोडून लाकूड विकताना प्रज्योतने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. ते चांगुणाबाईंच्या मनात अजून सलत होतं. त्याच लेकाने आज त्यांना अंधेरीच्या एका विलायती पबमध्ये आणून बसवलं.

"म्हातारपणी मला दारूच्या गुत्त्यात आणलंस होय रे?"

"जेवण चांगलं असतं, आये. बस तू."

पांढऱ्या भिंतींत काळी लाकडं उघडी ठेवलेली होती. वेटर कौतुकाने म्हणाला, "आजी, जुन्या इंग्लिश पबचा असाच लाकडी सांगाडा असतो. हे वाकडे खांब बघा, खूप जुने आहेत."

चांगुणाबाईंनी शेजारच्या खांबावर हात फिरवला. वाक ओळखीचा होता. खालचा जळका डागही तोच. भर दर्यात नवरा तिथेच चूल मांडून भात शिजवायचा. त्यांनी रागाने लेकाकडे पाहिलं. तो मेनूकार्डात डोकं खुपसून बसला होता.

वेटरने न सांगताच त्याच्यापुढे लिंबूसोडा ठेवला. "सर दर शनिवारी येतात, आजी. हेच टेबल लागतं. रिकामं नसलं तर दाराशी उभे राहतात."

चांगुणाबाई उठल्या आणि खांबाजवळची आपली खुर्ची त्यांनी लेकाला दिली.