शनिवारचा बिघाड

संगणक कशामुळे रखडतोय, हे कुणालाही साध्या भाषेत सांगणारं साधन एव्हरेटने बनवलं आणि सगळ्यांच्या आधी आईच्या संगणकात बसवलं. तिचा संगणक दर शनिवारी हटकून बंड करायचा आणि याला सिएटलहून टकोमाला धावत यावं लागायचं.

महिन्याभराने तो म्हणाला, “आता तुझं तूच बघ. दाब ते बटण.”

आईने नाइलाजाने दाबलं. पडद्यावर उमटलं : ‘संगणक ठणठणीत आहे. दर शनिवारी सकाळी तुम्ही एकदम चाळीस व्हिडिओ लावता, म्हणून तो दमतो.’

मफिनची बशी पुढे सरकवत आई म्हणाली, “भलतंच चोंबडं आहे रे तुझं हे यंत्र!”

एव्हरेटने ते साधन काढून टाकलं.

“छे, हेच बिघडलंय, आई. पुढच्या शनिवारी येऊन बघावं लागेल.”